भात माह्या हातचा

एकोडीचा भैय्यालाल भात रांधतो, हे साकोली तालुक्यात कोणाला सांगावं लागत नाही. वरण कोणीही करो, बुंदी बाहेरून येवो, भाजी चिरायला अख्खा मोहल्ला बसो. भाताच्या गंजापाशी, त्या भल्यामोठ्या पातेल्यापाशी, मात्र भैय्यालालच पाहिजे. लग्न ठरलं की मुलीकडचे आधी भैय्यालालची तारीख विचारतात, मग भटजीची. यावरून एकदा भटजी चांगलेच रुसले होते म्हणतात. जेवायला मात्र बसले होते.

दिसायला माणूस काहीच नाही हो. बुटका, पोट जरा पुढं आलेलं, खांद्यावर दुपट्टा, आणि तोंड सतत चालू. बोलतो भरपूर आणि लक्षात ठेवतो त्याहून जास्त. कोणाच्या बारशाला वरण पातळ झालं होतं, कोणाच्या तेरवीला पत्रावळी कमी पडल्या होत्या, सगळं पाठ. त्याच्यासमोर कोणी आपल्या घरच्या लग्नाची फुशारकी मारायला धजत नाही, कारण हा तिथं गंजापाशी उभा असतो आणि त्याला सगळं आठवत असतं.

ही विद्या त्याला धनीराम म्हाताऱ्यानं दिली. भंडाऱ्यातून गोंदिया फुटून निघाला, त्या साली धनीरामचे गुडघे गेले आणि गंज भैय्यालालकडे आला. जिल्हा वेगळा झाल्याचं गावातल्या कोणाला फारसं काही वाटलं नाही, पण धनीराम बसला म्हटल्यावर लोक काळजीत पडले. म्हाताऱ्यानं शिष्याला दोनच गोष्टी बजावल्या. एक, आधणात टाकायच्या आधी तांदळाचा दाणा चावून बघायचा. जुना कडक तुटतो, नवा दाताखाली दबतो, आणि पाणी त्या हिशेबानं, नव्याला कमी. दुसरी गोष्ट एकोडीतली जुनीच रीत. पहिली पंगत बसली, पानावर भात पडला, की कोणी घास उचलायच्या आधी रांधणाऱ्यानं झारा घेऊन पुढं यायचं आणि मोठ्यानं म्हणायचं, "भात माह्या हातचा!"

"काहून?" भैय्यालालनं तेव्हा विचारलं होतं.

"वरन बिघडलं तं पानी टाकता येते," म्हातारा म्हणाला होता. "भाजी खारट झाली तं आलू टाकता येते. भाताले मांगून काहीच करता येत नाही बाप्पा. म्हनून आधीच नाव सांगाचं. शिव्या बी आपल्याच, वाहवा बी आपलीच."

भैय्यालालच्या वाट्याला वाहवाच आली. वीस वर्षं तो हे वाक्य म्हणत आला आणि वीस वर्षं लोक मान डोलावत जेवत आले. आता इतकी वर्षं नुसती वाहवाच मिळाली, तर शिव्या खायची सवय माणसाला राहणार कुठून?

मग आलं ते टीव्हीवाल्यांचं लचांड. नागपूरच्या एका केबल चॅनेलनं 'उद्योगवीर' नावाची स्पर्धा काढली. धंदा करणाऱ्यांच्या टोळ्या करायच्या, त्यांना दर आठवड्याला कुठंतरी दुकान मांडायला लावायचं, ज्या टोळीचा धंदा बसेल तिच्यातला एक जण घरी. शेवटपर्यंत टिकेल त्याला भंडाऱ्यात मोक्याच्या जागी दुकानाचा गाळा, वर्षभर बिनभाड्याचा. भैय्यालालनं काही अर्ज-बिर्ज केला नव्हता. त्याच्या पंगतीचा एक व्हिडिओ कोणीतरी मोबाईलवर फिरवला, तो चॅनेलवाल्यांनी पाहिला आणि गाडी घेऊन थेट दारात आले. "काका, आम्हाला तुमच्यासारखा अस्सल माणूस पाहिजे," म्हणाले. अस्सल म्हटल्यावर काका गाडीत बसलेच. बायको पुष्पाबाई दारातून ओरडली, "अजी, चप्पल तं घाला!"

त्याच्या टोळीत आणखी दोघं. भंडाऱ्याचा भूषण, पुण्याहून शिकून आलेला, सदानकदा फोनला चिकटलेला. आणि अड्याळची मोनिका. तिचं गावात शिलाईचं दुकान, बाप तुलाराम धानाचा शेतकरी. भूषणला टीव्हीवर दिसायचं होतं आणि भैय्यालालला मजा वाटत होती. गाळा खरोखर पाहिजे होता तो एकट्या मोनिकाला. अड्याळात ब्लाऊज शिवून शिवून किती शिवणार, भंडाऱ्यात दुकान झालं तर चार मशिनी टाकता येतील, हे तिनं भैय्यालालला पहिल्याच दिवशी सांगून टाकलं होतं.

आता ती स्पर्धा म्हणजे खरा तमाशा शेवटालाच असायचा. हरलेली टोळी लांबलचक टेबलापुढं उभी करायची, मागून ढोल वाजवायचा, आणि गुंजन नावाची ती सूत्रसंचालिका डोळे बारीक करून विचारायची, "जबाबदारी कोणाची?" झालं! पहिल्या आठवड्यापासून जो तो दुसऱ्याच्या गळ्यात घोंगडं टाकत होता. कोणाचं लोणचं बुरसलं तर दोष बरणीचा. कोणाची गाडी उशिरा पोचली तर दोष रस्त्याचा. मोनिकाही काही गरीब गाय नव्हती. तिच्या पिशवीचा बंद तुटला तेव्हा तिनं सरळ दोऱ्यावर ढकललं. भैय्यालाल बाजूला उभा राहून हे सगळं पाही आणि घरी फोन करून पुष्पाबाईला सांगे, "येथं कोनाचंच काही चुकत नाही जी. सारेच देवमानूस!"

चौथ्या आठवड्यात तुमसरला बाजार समितीजवळ वरण-भात-भाजीची थाळी विकायचं ठरलं. भैय्यालालची कळीच खुलली. तुमसर म्हणजे तांदळाच्या मिलांचं गाव, खाणारे दर्दी, आणि रांधणार कोण तर आपण!

तांदूळ आणायला मोनिका गेली. दिवस नव्या धानाचे, दुकानात नवाही होता आणि जुनाही. जुना महाग. तिनं भूषणला फोन लावला. भूषण म्हणाला, "नवा घे गं, तांदूळ तो तांदूळ." तिनं नवा घेतला आणि परत आल्या आल्या भैय्यालालला गाठलं.

भैय्यालाल तेव्हा कामात होता. म्हणजे काय, तर दाणा चावत होता. कॅमेरावाल्याला ते फार आवडलं होतं. "काका, पुन्हा एकदा. जरा इकडं बघून. आता दात दिसू द्या." भैय्यालाल बशीतला दाणा उचलायचा, डोळे मिटायचा, चावायचा, मान हलवायचा. बशीतले दाणे कुठले होते ते देवाला ठाऊक. कॅमेऱ्यात चमकतात म्हणून कोणीतरी आणून ठेवले होते.

"काका, आपल्या पैशात जुना नाही बसला," मोनिका म्हणाली. "नवा हाय. पानी पाहून टाकजा."

माईकवाला त्याच वेळी भैय्यालालच्या सदऱ्यावरचा माईक काढून दुसरा लावत होता, म्हणून हे बोलणं कुठंच रेकॉर्ड झालं नाही. पण भैय्यालालच्या कानानं ते नीट ऐकलं. "हो हो बाई, समजलं," असं तो बोललाही. मग पुन्हा कॅमेरा सुरू झाला आणि पुन्हा दात दाखवायचे झाले. चांगला पाच-सहा वेळा दाणा चावला गड्यानं, पण सगळा कॅमेऱ्यासाठी. पोत्यातला दाणा तोंडात गेलाच नाही. हाताला वीस वर्षांची जुन्या तांदळाची सवय. लग्नाघरी नवा तांदूळ काढतो कोण? हातानं पाणी घातलं ते जुन्याचंच.

दुकान उघडलं, लोक जमले, पत्रावळी मांडल्या. भात वाढायच्या आधीच गुंजन म्हणाली, "काका, तुमचं ते फेमस वाक्य!" भैय्यालालनं छाती पुढं काढून ठोकून दिलं, "भात माह्या हातचा!" मग गंजावरचं झाकण निघालं. आत भात नव्हताच हो, गिचका होता नुसता. झारा घातला तर झाऱ्याबरोबर अर्धा गंज वर येत होता. तुमसरच्या लोकांनी एकेक घास घेतला, एकमेकांकडं पाहिलं आणि हात धुतले. एक हमाल जाता जाता म्हणाला, "पोस्टर चिकटवाले कामी येईल." दुपारपर्यंत पाखरू फिरकलं नाही.

संध्याकाळी लांब टेबल, ढोल, आणि गुंजनचे बारीक डोळे.

"जबाबदारी कोणाची?"

भूषण तयारच होता. "मी फक्त बजेट सांगितलं. क्वालिटी हा मोनिकाचा निर्णय."

"मी तुमाले फोन केला होता!"

"तू विचारलंस, मी मत दिलं. मत म्हणजे ऑर्डर नसते."

गुंजन भैय्यालालकडं वळली. "पण काका, 'भात माझ्या हातचा' असं तुम्हीच म्हणालात ना?"

तोंडाचा चालू माणूस. विचार यायच्या आधी शब्द आले. "हात माहा होता जी. तांदूळ थोडी माहा होता?"

सगळे खदखदून हसले. परीक्षक हसले, कॅमेरावाला हसला, भूषणनं तर टाळीच दिली. भैय्यालालला बरं वाटलं, खोटं कशाला बोला.

हसणं थांबल्यावर मोनिका हळू आवाजात म्हणाली, "काका, मी सांगतलं होतं ना तुमाले? नवा हाय म्हनून?"

ढोल थांबला. गुंजन म्हणाली, "काका, सांगितलं होतं हिनं?"

आता बघा, माणसाला खरं बोलायला किती वेळ लागतो? 'हो' म्हणायचं, संपलं. पण भैय्यालालच्या डोळ्यापुढं एकोडी उभी राहिली, साकोली उभी राहिली, सगळ्या घरच्या टीव्ह्या उभ्या राहिल्या. भैय्यालालनं भात बिघडवला! सांगूनसवरून बिघडवला! पुढच्या लग्नसराईत कोण बोलावणार?

"लय गडबड होती जी," तो म्हणाला. "मले काही ध्यानात नाही."

मोनिका त्याच्याकडं पाहतच राहिली. वडीलधाऱ्या माणसाला सगळ्यांदेखत खोटं पाडायचं तिला जमलं नसावं. ती पुढं बोललीच नाही. परीक्षकांनी तिला घरी पाठवलं. बॅग उचलून निघताना ती भैय्यालालपाशी आली, वाकून पाया पडली आणि "येते काका," म्हणून गेली. भैय्यालाल दुपट्ट्यानं तोंड पुसत राहिला.

पुढच्या भागात फोनवरून माल विकायचा होता. भैय्यालालला त्यातलं ओ की ठो कळलं नाही आणि बक्षीस म्हणून मिळालेलं भिंतीवरचं एक घड्याळ घेऊन तो घरी आला. घड्याळ चांगलं चालतं.

तुमसरचा भाग टीव्हीवर दिसला तेव्हा अख्खी एकोडी हसून लोळली. लोकांनी पाठीवर थापा मारल्या. "काय जबाब देला, वा!" ते वाक्य तर तालुकाभर पसरलं. लाईट गेली आणि लाईनमनला विचारलं की तो म्हणायचा, "हात माहा होता, तार थोडी माही होती?" शाळेतली पोट्टी नापास झाली की बापाला सांगायची, "हात माहा होता, पेपर थोडी माहा होता?" जिथं जावं तिथं हेच. पहिले दोन-चार दिवस भैय्यालाल हसला. मग त्याला ते वाक्य नकोसं झालं, आणि ज्याला नकोसं झालं त्यालाच लोक जास्त ऐकवतात.

पुष्पाबाई मात्र टीव्हीपुढं हसली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी ओसरीवर तांदूळ पाखडता पाखडता तिनं सूप खाली ठेवलं.

"त्या पोरीनं सांगतलं होतं ना तुमाले?"

"मले ध्यानात..."

"राहू द्या!" पुष्पाबाई कडाडली. "माह्या भावाच्या लग्नात बुंदीत साखर कमी पडली, तीस वर्षं झाले, तुमी अजून मले टोमने मारता. सारं ध्यानात राहते तुमच्या. तेवढंच कसं गेलं जी?"

भैय्यालालनं दुपट्टा झटकला आणि बोडीकडं, गावाच्या तळ्याकडं, चालता झाला. म्हणजे पळाला, सरळ सांगायचं तर. बोडीच्या पाळीवर बसून त्यानं मोनिकाला फोन लावला. पलीकडून "हॅलो" आलं आणि यानं कट केला. पुन्हा लावला, पुन्हा कट केला. तिसऱ्यांदा तिनं उचललाच नाही.

काही दिवसांनी अड्याळहून भोजराज आला. त्याच्या मुलीचं लग्न, तारीख आधीच ठरलेली, तो नक्की करायला आलेला. चहा पिता पिता सहज म्हणाला, "तुमच्यासंगची ती मोनिका आमच्या घराशेजारचीच. तुलारामची पोरगी. लय वाईट झालं तिचं."

"काय झालं?"

"लोकं नावं ठेवून राहिले ना. धान पिकवनाऱ्याच्या घरची पोरगी, अन् हिले नवा-जुना तांदूळ वयखता येत नाही! बाया ब्लाऊज टाकाले येतात अन् इचारतात, माप तरी बराबर घेशीन ना? तुलारामनं तं बोलनंच टाकलं तिच्यासंग. म्हने, नाक कापलं माहं. ती सांगून राहिली का मी काकाले सांगतलं होतं, पन आयकते कोन? वरून खोटं बोलते म्हनून डबल."

भैय्यालालचा चहा थंड झाला. कप खाली ठेवून तो म्हणाला, "भोजराजभाऊ, त्या तारखेले मले जमत नाही असं वाटते. दुसरा चांगला मानूस देतो मी."

आतून पुष्पाबाईचा आवाज आला. "जमते जी! येतात हे."

अड्याळला भैय्यालाल पहाटेच पोचला. मांडवामागं चुलवण पेटलं. तांदूळ जुना होता, भोजराजनं स्वतः राखून ठेवलेला. मोबाईलवाली पोट्टी भोवती जमली. "काका, टीव्हीवर चावला तसा चावून दाखवा ना!" भैय्यालालनं त्यांच्याकडं पाठ केली, पोत्यात हात घातला, दाणा तोंडात टाकला आणि सावकाश चावला. कडक तुटला. मग पाणी घातलं. भात असा उतरला की शीत शिताला चिकटलं नाही. मनात म्हणाला, चला, भात चांगला झाला, वाक्य म्हणू अन् सुटू.

पंगत बसली. एका बाजूला पुरुष, समोर बायका. पुरुषांत तुलाराम होता, ताठ, खाली मान घालून. बायकांच्या रांगेत अगदी टोकाला मोनिका. शेजारचं लग्न, येणं भागच होतं बिचारीला. तिच्या शेजारची जागा रिकामी होती. पानांवर भात पडला. शेवटची पानं तेवढी राहिली होती, तेव्हा भैय्यालाल झारा घेऊन मधोमध आला.

"भात माह्या हातचा!"

"अन् तांदूळ कोनाचा, काका?" मागून कोणीतरी ओरडलं.

सगळी पंगत हसली. नवऱ्याकडचे हसले, वाढणारे हसले. सवयीनं भैय्यालालही हसला. हसता हसता त्याची नजर टोकाला गेली. मोनिका रिकाम्या पत्रावळीकडं पाहत बसली होती, आणि हसणाऱ्या दोघी-तिघी मान वळवून तिच्याकडंच पाहत होत्या. भैय्यालालचं हसू तिथंच गेलं.

"थांबा जी," तो म्हणाला. "घास उचलू नका कोनी."

भोजराज धावत आला. "काय झालं? भात बिघडला काय?"

"हा नाही. तुमसरचा." भैय्यालालनं झारा खाली केला. आवाज चिरकत होता पण त्यानं चढवलाच. "तुमसरचा भात बी माह्याच हातचा होता. मीच बिघडवला. या पोरीनं मले सांगतलं होतं, काका, तांदूळ नवा हाय, पानी पाहून टाकजा. मी हो म्हनलं. आयकलं, अन् तरी दात दाखवत बसलो. मंग सगळ्यायच्या समोर म्हनलं का ध्यानात नाही. ध्यानात होतं. तवा बी होतं, आता बी हाय. ही पोरगी खोटं बोलली नाही. खोटं मी बोललो."

मांडवात कोणी हसलं नाही. ज्यानं मागून ओरडलं होतं तो पत्रावळीची काडी उपसत बसला. नवऱ्याकडचा एक म्हातारा कुजबुजला, "भात थंडा होऊन राहिला," आणि शेजारच्यानं त्याला गप्प केलं.

तुलारामनं मान वर केली. भैय्यालालकडं त्यानं पाहिलंही नाही. पंगतीवरून थेट समोर, टोकाला बसलेल्या लेकीकडं पाहत तो म्हणाला, "मोनिका, तू मले हेच सांगतलं होतं."

"हो बाबा."

"रोज सांगून राहिली होती."

"हो."

"मी बी आयकलं नाही," तुलाराम म्हणाला.

भैय्यालाल भाताचं टोपलं घेऊन टोकापर्यंत चालत गेला आणि मोनिकापुढं वाकला. तिनं वर पाहिलं. डोळ्यांत पाणी होतं, पण राग त्याहून जास्त होता.

"हे तथी, टीव्हीवर बोलाचं होतं, काका."

"हो बाई," भैय्यालाल म्हणाला. "तथीच बोलाचं होतं."

गाळा तर केव्हाच दुसऱ्या कोणाला मिळाला होता. तिला ते ठाऊक होतं, त्यालाही होतं. मग तिनं पत्रावळ पुढं सरकवली.

"वाढा," ती म्हणाली.

भैय्यालालनं भात वाढला. पंगत जेवायला लागली, वरणवाले धावू लागले. तुलाराम मात्र समोरच्या टोकाला पोरीनं पहिला घास घेईपर्यंत आपल्या पानावर हात ठेवून बसून राहिला.